पाळकगृहातली पेटी आणि नाशिकची दुरुस्ती

तालुक्याच्या गावात चर्चची बाजाची पेटी (हार्मोनियम) चर्चमध्ये राहत नाही, पाळकगृहात, म्हणजे पाद्रीसाहेबांच्या घरी राहते. रविवारी उपासना, आठवड्यात कुणाच्या घरी प्रार्थनासभा, मधल्या दिवसांत पाळकीणबाई संडे स्कूलची गाणी बसवणार, संध्याकाळी पोरं पेटीवर हात चालवणार. स्वयंपाकाची वाफ आणि खालच्या फटीतून शिरणारे उंदीर आहेतच. इगतपुरीकडच्या पावसात तर लाकूड फुगून वाजवायच्या पट्ट्या खालीच अडकतात. म्हणून जिल्ह्यातल्या बऱ्याच पेट्या कधी ना कधी नाशिकच्या जुन्या बाजारातल्या पेटी-दुरुस्तीच्या एका छोट्या दुकानात येतात.

भात्याचं काम इथे फर्स्ट क्लास. घड्यांवरचं चामडं नीट सोलून बदलतात, वरून ठिगळ चिकटवून भागवत नाहीत. तरी पेटी ताब्यात घेताना तपासा. सगळ्या खुंट्या (हवेची वाट उघडणारे-मिटणारे पुढचे खटके) बंद करून भाता मारा. दोन-चार हातांत तो कडक होऊन ढकलेनासा झाला पाहिजे. नाही झाला तर भाता किंवा पेटीचा सांधा गळतोय. मग खुंट्या उघडा, पट्टीला हात न लावता हवा भरा. आता फुसफुस आली किंवा एखादा सूर आपोआप बोलला, तर पट्टीखालच्या झडपेचं फेल्ट-चामडं गेलंय, नाहीतर तिची स्प्रिंग ढिली आहे. हे दुकानातच दाखवलं तर कारागीर तिथल्या तिथे करून देतो, कुरकुर नाही.

सूर लावण्यात मात्र घाई. ४२ पट्ट्यांच्या खर्ज-नर, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी जिभांच्या दोन ओळी असलेल्या, पेटीत ८४ सूर असतात. दोन्ही ओळी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर लांबवलेल्या स्वरात थरथर येते. ती इथे वरच्या सप्तकात हमखास राहते. सूर चढवायला पितळी जिभेचं टोक घासतात, उतरवायला मुळाकडे घासतात. प्रत्येक घासणीत धातू जातो, जुनी जीभ एक दिवस मोडते. त्यामुळे मुका सूर दिसला की आधी साफ करायला सांगा. बऱ्याचदा फटीत कचरा अडकलेला असतो, जिभेखालून पातळ कागद फिरवला की सूर बोलतो. इथे सांगितल्याशिवाय तसं करत नाहीत, सरळ कानस उचलतात.

आणखी एक गोष्ट आधीच बोलून ठेवा: ‘४४०’वर, म्हणजे कीबोर्ड असतो त्या प्रमाण सुरावर, लावा. ओवी-अभंगाच्या चालीला पेटी एकटी असली की थोडी चढी-उतरी खपते. पण विलायती चालीच्या गीताला मंडळीतला एखादा तरुण कीबोर्ड घेऊन बसतो आणि दोन वाद्यं भांडायला लागतात. गाणारे दोष देतात पाळकांच्या मुलाला, कारण पेटीवर तोच असतो!

बदली पेटी मिळत नाही, ही या दुकानाची मोठी उणीव. भात्याच्या सरसाला वाळायला वेळ लागतो, त्यामुळे शनिवारी दिलेली पेटी रविवारी मिळायची नाही. नाताळाआधी तर इथे रांगच असते. काम ऑक्टोबरात द्या, हवाही कोरडी होत आलेली असते.

अंदाज कागदावर लिहून घ्या, पावती चर्चच्या नावाने मागा. दुकानदार देतो, पण आठवण करावी लागते. खजिनदारांपुढे तोंडी हिशेब मांडायची वेळ शेवटी पाळकांवरच येते. घरी नेल्यावर पेटीच्या खालच्या भोकांना बारीक जाळी ठोका आणि खोक्यात डांबरगोळ्या टाका. ओट्याच्या भिंतीला मात्र टेकवू नका.