बारशाला प्ले जिम घ्यावी की वाकळ पुरे?

बारसं जवळ आलं की आत्यापुढं प्रश्न उभा राहतो, भेट काय न्यायची? हल्ली प्ले जिमचं नाव हटकून निघतं. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी भाचीसाठी प्ले जिम आणि वाकळ म्हणजे गोधडी, दोन्ही वापरून झालंय.

प्ले जिममध्ये बाळ उताणं असतं आणि वर कमानीला खेळणी टांगलेली असतात. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा जेवढा जवळ असतो तेवढंच. त्यामुळं सुरुवातीला ही खेळणी उंचीमुळं वायाच जातात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मात्र बाळ हात मारायला लागतं, ‘मी मारलं म्हणून हललं’ हे त्याला उमगतं, आणि आई घरात एकटी असेल तर तिचे दोन्ही हात थोडा वेळ मोकळे होतात. कूस बदलून बाळ कमान ओढायला लागलं की कमान काढून ठेवायची. एकूण खरा उपयोग दोन-तीन महिन्यांचा, म्हणून बहिणीकडची जुनी मिळाली तर नवी घेऊच नका.

वाकळीचं काम वेगळं आहे. तिच्यावर बाळाला पालथं ठेवता येतं, आणि मान, खांदे, पाठ तिथंच घट्ट होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की रांगायला न लागलेल्या बाळाला जागेपणी, दिवसभरात थोडं थोडं करून, किमान ३० मिनिटं पालथं ठेवावं. एकदम नाही. आधी आपल्या छातीवर, मग जमिनीवर दोन-तीन मिनिटं. पोट भरल्या भरल्या नको. रडलं तर आपणही समोर पालथं पडून त्याच्या डोळ्यांत बघायचं, भाची याच्यानंच गप्प व्हायची. वाकळ ताणून अंथरा, मऊ गादीत नाक दबतं. आपल्याकडं पावसाळ्यात फरशी ओलसर असते, तेव्हा खाली चटई घाला. झोपवताना मात्र नेहमी उताणंच, आणि पालथं असताना कुणीतरी जवळ हवंच.

या दोन्हींपेक्षा मोठं खेळणं घरात फुकट आहे: माणसाचा चेहरा. तेल लावताना बोला, मग थांबा, बाळाला हुंकार द्यायला वेळ द्या. पदराआडून बुवाकुक करा, संध्याकाळी रंकाळा तलावावर कडेवर घेऊन पाणी, पाखरं दाखवा. मोबाईलवरची गाणी ही जागा घेत नाहीत. पहिल्या वर्षात स्क्रीन नकोच.

बाळाला आत बसवायचा चाकांचा वॉकर कुणी सुचवला तर सरळ नको म्हणा. त्यानं चालणं लवकर येत नाही, पडण्याचा धोका मात्र वाढतो. कॅनडानं २००४ मध्ये त्याच्यावर बंदीच घातली. बाळ धरून उभं राहायला लागल्यावर मागून ढकलत चालायचा पांगुळगाडा द्या.

मी असते तर वाकळच नेली असती, आजीच्या जुन्या सुती साड्यांची. फक्त टाके बारीक आणि घट्ट घालून घ्या, कारण पाचव्या महिन्यात सुटलेला प्रत्येक दोरा तोंडात जातो.