बाल मानसशास्त्रज्ञांकडील कौटुंबिक उपचार : काही महिन्यांनंतरचे मत

गेल्या आठवड्यात सासूबाईंना ताप आल्यामुळे आम्हाला सेशन ऐनवेळी रद्द करावे लागले आणि उपचार केंद्राच्या नियमानुसार १,५०० रुपयांची पूर्ण फी भरावी लागली. घरातील आजारपण त्या नियमाला अपवाद असले पाहिजे, असे मी त्यांना लेखी कळवले आहे. तरीही आम्ही तेथेच जात राहणार आहोत.

आमचा मुलगा सहावीत आहे. शाळेच्या दिवशी सकाळी त्याचे पोट दुखते, सुटीच्या दिवशी दुखत नाही. सर्व तपासण्या आणि सोनोग्राफी व्यवस्थित आल्यावर बालरोगतज्ज्ञांनीच आम्हाला बाल मानसशास्त्रज्ञांकडे पाठवले. मॅडमची पात्रता मी आधी पाहून घेतली : चिकित्सा मानसशास्त्रातील एम.फिल. आणि १९९२ च्या कायद्यान्वये काम करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. केवळ दारावरच्या पाटीवर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवातीला मात्र मी नाराज होते. तक्रार मुलाची, फी मुलासाठी, आणि बोलणे चालले होते ते आम्हा मोठ्यांशी. त्याला एकट्याला आत बोलावून त्याच्या मनातले काढून घ्यावे, अशी आमची अपेक्षा होती. त्यांनी मात्र आजीसह सर्वांनी यावे असा आग्रह धरला, त्यामुळे प्रत्येक वेळी दोघांची अर्ध्या दिवसाची रजा खर्ची पडू लागली.

माझे मत बदलले ते खुर्च्यांमुळे. मुलगा नेहमी माझ्या आणि सासूबाईंच्या मध्ये बसत असे, त्याचे बाबा दाराजवळच्या खुर्चीत. मॅडमनी त्याला काही विचारले की उत्तर मी देई, त्यात भर सासूबाई घालीत आणि बाबा गप्प राहत. एके दिवशी त्यांनी मला आणि नवऱ्याला शेजारी बसवले, मुलाला समोर बसवले आणि सासूबाईंची खुर्ची थोडी बाजूला घेतली. त्या दिवशी मुलगा प्रथमच स्वतः बोलला : सकाळी तिघेही पोटाबद्दल विचारतात, तिघे तीन गोष्टी सांगतात आणि मग भांडण सुरू होते.

खुर्च्या बदलण्यामागे साल्वादोर मिनुचिन यांची संरचनात्मक कौटुंबिक उपचारपद्धती आहे, म्हणजे घरातील माणसांची एकमेकांमधली जागा आणि नात्यांची घडी बदलून उपचार करणे. मूळचे अर्जेंटिनाचे हे बालमानसोपचारतज्ज्ञ अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बाल मार्गदर्शन केंद्राचे प्रमुख होते, आणि मुलांचे शारीरिक आजार व घरातील ताण यांच्या संबंधावर त्यांनी तेथे काम केले. घरात निर्णय कोण घेते, कोण कोणाच्या मध्ये येते, हे नुसते विचारून कळत नाही, ते समोर घडताना पाहावे लागते, हा त्यांचा आग्रह होता. पोट खरोखरच दुखते, मुलगा नाटक करीत नाही, हे मॅडमनी सर्वांसमक्ष स्पष्ट केले, याचे मला विशेष मोल वाटते.

आता शाळेबद्दलचे आम्हा दोघांचे ठरणे आदल्या रात्री होते आणि सकाळचे सारे त्याचे बाबा पाहतात. पोटदुखी पूर्ण थांबलेली नाही, पण शाळा बुडणे बरेच कमी झाले आहे. सासूबाई दुखावल्या होत्या, हेही नमूद केले पाहिजे. आजीनेच वाढवलेल्या मुलाच्या घरात तिची खुर्ची बाजूला सरकवणे ही मोठी गोष्ट असते, आणि ती करण्यापूर्वी त्यांच्याशी वेगळे बोलायला हवे होते. पुढच्या भेटीत मॅडमनी तसे बोलून संध्याकाळचा अभ्यास त्यांच्याकडे सोपवला, तेव्हा त्या पुन्हा येऊ लागल्या.

खर्चाचे म्हणाल तर, मानसिक आजारावरील उपचारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विम्याची तरतूद असावी, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. पण आमची पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच लागू होते, त्यामुळे ही फी पूर्णपणे खिशातून जाते. म्हणून आता आम्ही मॅडमच्या संमतीने महिन्यातून एकदाच जातो.