हॉवर्थची चिमुकली पुस्तकं, एका बाइंडरच्या नजरेने

पुण्यात पस्तीस वर्षं मी बाइंडिंगचं काम केलं. इंग्लंडमध्ये लीड्सला लेकीकडे आलो आणि तिने विचारलं, "बाबा, काय बघायचंय?" तेव्हा मी हॉवर्थ गाव म्हटलं. ब्रॉन्टी भावंडांनी, म्हणजे शार्लट, एमिली, ॲन या पुढे लेखिका झालेल्या बहिणी आणि त्यांचा भाऊ ब्रॅनवेल यांनी, लहानपणी हाताने शिवलेली पुस्तकं तिथल्या ब्रॉन्टी पार्सोनेज म्युझियममध्ये आहेत. गेल्या काही वर्षांत त्यात दोन नव्यांची भर पडली आहे.

कीथलीपर्यंत साधी ट्रेन, पुढे वाफेच्या इंजिनाची गाडी. मग दगडी फरसबंदीचा चढ. गुडघे दुखत असतील तर सावकाश जा.

पहिला आहे 'द यंग मेन्स मॅगझिन'चा १८३०चा अंक. माप ३५ बाय ६१ मिलिमीटर, म्हणजे काडेपेटीएवढा. शार्लट तेव्हा चौदा वर्षांची होती. वडिलांनी १८२६मध्ये लीड्सहून ब्रॅनवेलसाठी १२ लाकडी शिपाई आणले, मुलांनी त्या शिपायांचं राज्य रचलं आणि त्यांना वाचता यावं म्हणून मासिक काढलं तेही त्यांच्याच मापाचं! अक्षर छापल्यासारखं. यात एका वेड्या खुन्याची गोष्ट आहे, तीत पलंगाचे पडदे पेटतात. शार्लटच्या 'जेन एअर' कादंबरीतल्या आगीचं बीज इथे आहे, असं लेकीने सांगितलं.

परत आल्यावर मी त्याच मापाचा कागद कापला आणि बारीक बॉलपेनने लिहून पाहिलं. काना-मात्रा सांभाळत आठ ओळी मावल्या, त्यातल्या दोन मलाच वाचता येईनात. त्या मुलीने पानंच्या पानं भरली, तीही टाकाने.

२०११च्या लिलावात हा अंक म्युझियमच्या हातून निसटून पॅरिसच्या एका संग्रहालयाकडे गेला. ते बंद पडलं आणि २०१९मध्ये पुन्हा लिलाव झाला. या खेपेला अभिनेत्री ज्युडी डेंचने आवाहन केलं, लोकांनी वर्गणी दिली, आणि ६ लाख युरोंच्या बोलीला अंक घरी आला.

दुसरं शार्लटचंच 'अ बुक ऑफ राइम्स'. १८२९मधलं, दहा कवितांचं. नावाच्या स्पेलिंगमध्ये वाय आणि एचची अदलाबदल झाली आहे. १९१६च्या न्यूयॉर्कमधल्या विक्रीनंतर ते लोकांसमोर आलं नव्हतं, ते २०२२मध्ये पुन्हा आलं. 'फ्रेंड्स ऑफ द नॅशनल लायब्ररीज' संस्थेने साडेबारा लाख डॉलर देऊन ते विकत घेतलं आणि म्युझियमला दिलं. तपकिरी कागदाचं मूळ वेष्टन तसंच आहे. मी सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो तो यापाशी. आमच्याकडे जुनं पुस्तक आलं की गिऱ्हाइकाला नवा पुठ्ठा आणि सोनेरी अक्षरं हवी असतात. किती पुस्तकांची मूळ शिवण मी उसवली, किती कडा कटिंगला लावल्या! हे पुस्तक एवढ्या हातांतून गेलं, तरी त्याला नवं बाइंडिंग करायचा मोह कुणाला झाला नाही. त्या सगळ्या अनोळखी मालकांना माझा नमस्कार.

काचेपाशी उजेड मंद असतो. तक्रार करू नका. उजेडाने शाई उडते आणि उडालेली शाई परत आणता येत नाही. असे जुने कागद आलटूनपालटून मांडतात, म्हणून काय मांडलंय ते आधी विचारून जा.

परतीच्या विमानाला अजून तीन आठवडे आहेत. त्याआधी मी पुन्हा जाणार आहे, या वेळी भिंग घेऊन.