आईच्या अंगठ्याची शस्त्रक्रिया : रत्नागिरीतील एका रुग्णालयाचा अनुभव

माझ्या आईच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी आलेला उंचवटा आम्ही कित्येक वर्षे कुरूप समजत होतो आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या कॉर्न कॅप लावून वेळ काढत होतो. अंगठा हळूहळू शेजारच्या बोटावर चढला, चप्पल घालणे अवघड झाले आणि घरापासून रस्त्यापर्यंतची जांभ्याची पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) ती कडेच्या दगडी गडग्याला धरून उतरू लागली, तेव्हा भातकापणी आटोपल्यावर आम्ही तिला रत्नागिरीतील एका खासगी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात नेले.

तिथली पहिलीच गोष्ट मला महत्त्वाची वाटली. आधी दुसऱ्या दवाखान्यात झोपवून काढलेला एक्स-रे आम्ही सोबत नेला होता. तो बाजूला ठेवून डॉक्टरांनी आईला उभे करून, दोन्ही पायांवर भार देऊन नवा एक्स-रे काढायला लावला, कारण पायावर भार असल्याशिवाय हाडांमधला कोन खरा दिसत नाही. या विकाराला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. अंगठ्यामागचे लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकते आणि अंगठा उलट बाजूला कलतो. बाहेर आलेली गाठ म्हणजे त्या हाडाचेच टोक असते, त्यामुळे नुसता उंचवटा तासला तर वाकडेपणा तसाच राहतो. हाड कापून, सरळ रेषेत आणून स्क्रूने बसवणे हा एक मार्ग, आणि सांधा झिजलेला असल्यास त्याची हाडे एकमेकांना कायमची जोडून टाकणे हा दुसरा. आईचा सांधा चांगला असल्याने पहिला मार्ग ठरला. तिला मधुमेह असल्यामुळे साखर आटोक्यात आहे याची खात्री झाल्यावरच तारीख मिळाली.

याच विभागात माझ्या वहिनींना शस्त्रक्रिया नको म्हणून सांगितले गेले, आणि मला त्याचे मोल अधिक वाटते. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली पावले टाकताना त्यांची टाच असह्य दुखत असे. तळपायाच्या पडद्याची ही दुखणी बहुतेकांची पोटरी व तळपाय ताणण्याचे व्यायाम, मऊ तळाची पादत्राणे आणि काही महिन्यांचा धीर एवढ्यानेच बरी होतात, असे सांगून त्यांना व्यायाम शिकवला आणि घरी पाठवले. माझे मामा मासेमारी होडीवर काम करतात. पूर्वी हाड मोडल्यामुळे त्यांचा घोटा झिजला आहे. त्यांना कृत्रिम सांध्यापेक्षा घोटा जोडून टाकण्याचा सल्ला मिळाला, कारण अंगमेहनतीच्या कामात जोडलेला घोटा अधिक टिकतो. मात्र त्याची वरखाली हालचाल जाते आणि पुढील वर्षांत शेजारच्या सांध्यांवर ताण वाढतो, हेही त्यांना स्पष्ट सांगितले. मामांचा निर्णय अजून व्हायचा आहे.

आईची शस्त्रक्रिया घोट्यापुरती भूल देऊन झाली. कडक तळाचा बूट घालून, टाचेवर भार देत ती दुसऱ्या दिवशी चालली, दोन आठवड्यांनी टाके निघाले आणि सहा आठवडे तो बूट राहिला.

उणीव जाणवली ती यानंतर. घरी जाताना दिलेला कागद पूर्ण इंग्रजीत होता. सूज अनेक महिने, क्वचित वर्षभरही राहू शकते, हे कुणी सांगितले नाही, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात संध्याकाळी पाऊल फुगलेले पाहून आम्ही घाबरून एस.टी.ने पुन्हा शहर गाठले. घरासमोर पाखाडी आहे का, संडास कोणत्या पद्धतीचा आहे, हे प्रश्न कोकणातल्या रुग्णाला आधीच विचारायला हवेत; आम्हाला खुर्चीचा कमोड ऐनवेळी शोधावा लागला, आणि पाखाडीवरून आईला दोघांनी खुर्चीत बसवून वर नेले. स्क्रूचा खर्च मूळ अंदाजात धरलेला नव्हता, तो बिलात वेगळा दिसला.

शिमग्यात पालखी घरी आली तेव्हा आई अंगणात उभी राहून ओटी भरू शकली, अंगठा सरळ आहे आणि चप्पल बसते. डाव्या पायालाही तोच त्रास आहे. त्यासाठी पुढच्या भातकापणीनंतर आम्ही याच विभागात जाणार आहोत, फक्त या वेळी स्क्रूसह पूर्ण खर्च आणि घरी घ्यायच्या काळजीच्या सूचना मराठीत लेखी मागून घेऊ.