आमच्या वस्तीतलं रविवारचं कामगार मदत केंद्र

२०२३ साली मी पुण्यात एका कपड्यांच्या दुकानात कामाला होतो. आम्ही चौदा जण. सकाळी दहाला शटर उघडायचं, रात्री साडेनऊला पडायचं. दोन महिन्यांचा पगार अडकला, तेव्हा शेजारच्या काकूंनी मला समाजमंदिरातल्या या केंद्रात नेलं.

तिथल्या ताईंनी आधी चहा दिला आणि मग विचारलं, "हजेरीचा काही पुरावा आहे का?" मी गप्पच. त्यांनी माझा मोबाईल मागून घेतला. मालकाचे 'उद्या लवकर ये'चे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, बँकेतल्या पगाराच्या नोंदी, सगळं शंभरपानी वहीत तारखेनिशी उतरवायला लावलं. ती वही अजून माझ्या पेटीत आहे. २०१७ च्या दुकाने कायद्यानुसार तेव्हा नऊ तासांच्या वरच्या कामाला दुप्पट दर लागायचा आणि किमान वेतनातला विशेष भत्ता, म्हणजे महागाईप्रमाणे मिळणारी रक्कम, जानेवारी-जुलैत बदलायची, हे मला तिथेच कळलं. दोन वर्षं काम करून ठाऊक नव्हतं!

एक अडचण आहे. लॅपटॉप एकच, त्यामुळे अर्ज टाईप व्हायला दोन-दोन तास बसावं लागतं. संध्याकाळी पाचच्या आत जा.

कामगार आयुक्तांच्या कार्यालयात मला तीनदा जावं लागलं, ताई तिन्ही वेळा सोबत आल्या. एक रुपयाही घेतला नाही. थकलेला पगार पूर्ण मिळाला, ओव्हरटाईमचा निम्माच. पगार हातात आला त्या दिवशी मी आणि ताई हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेच्या 'कष्टाची भाकर' या स्वस्त जेवणाच्या केंद्रात जेवलो. बिल मी दिलं. आता रविवारी मीच तिथे नव्या पोरांच्या वह्या लिहून घेतो.