बॉबिन की पाऊच? भरतकामाचे दोरे लावून ठेवायचे तर

घरात वीस-पंचवीस लडी असतील तर काहीच विकत घेऊ नका. एखादा चपटा डबा शोधा, लडी आडव्या ठेवा आणि त्यांच्या कागदी पट्ट्या तेवढ्या काढू नका. पन्नास-साठच्या पुढे गेलात की मग विचार करायला हवा.

गुंता होतो तो उरलेल्या पदरांचा. अख्खी लडी कधी त्रास देत नाही. अँकर कंपनीची घ्या नाहीतर डीएमसीची, लडी ८ मीटरची आणि दोरा सहा पदरी. १४ काउंटच्या (म्हणजे इंचाला १४ चौकटींच्या) कापडावर क्रॉस स्टिचला बहुतेक वेळा दोनच पदर लागतात. म्हणजे हातभर दोरा कापला की चार पदर लोंबकळत राहिले! त्यांची सोय कुठे होते, ते बघून पद्धत ठरवा.

बॉबिनवर, म्हणजे दोरा गुंडाळायच्या चपट्या खाचेच्या पट्टीवर, ही सोय उत्तम होते. उरलेले पदर त्याच बॉबिनवर गुंडाळायचे, टोक खाचेत अडकवायचं, झालं. कप्प्यांचा डबा उघडला की सगळ्या छटा एका नजरेत दिसतात. पण शंभर लडी म्हणजे ८०० मीटर दोरा हाताने गुंडाळायचा, माझे दोन रविवार त्यातच गेले. घट्ट गुंडाळलात तर दोऱ्याला मोडी पडतात. ओलसर स्पंजवरून ओढला की त्या जातात, पण तेही एक जास्तीचं काम.

झिपच्या छोट्या पाऊचमध्ये लडी पट्टीसकट जाते आणि उरलेले पदरही तिथेच राहतात. पाऊच कडीत ओवले की हातातल्या कामाचे सात-आठ रंग तेवढे सुटे करून प्रवासात नेता येतात. शेजारी-शेजारी छटा लावून बघायच्या तर मात्र पाऊच उलगडत बसावं लागतं. पावसाळ्यात दमट दोरा त्यात बंद करू नका.

आता क्रम. रंगांचे नंबर छटांप्रमाणे लागत नाहीत: डीएमसीचा ३०९ गुलाबी, ३१० काळा, ३११ गडद निळा. नंबराने लावलेला डबा दिसायला गोधडीसारखा, पण रंगांचे नंबर दिलेला नक्षीचा तक्ता बघून काम करणारीला तोच सोयीचा. मनाने फुलं-वेली भरत असाल तर छटांप्रमाणे लावा. दोन कंपन्यांचे दोरे एका डब्यात नकोत. अँकरचा काळा ४०३ आहे, ३१० नव्हे.

बॉबिन असो वा पाऊच, नंबर गुंडाळायच्या आधी लिहा. मी 'नंतर लिहू' म्हणून दोन हिरवे तसेच ठेवले होते. रात्री ट्यूबलाइटखाली एकच वाटले. सकाळी खिडकीपाशी बघते तर उशीच्या अभ्र्यावरचं एक पान अर्धं पोपटी, अर्धं शेवाळी. ते उसवायला लागला तेवढा वेळ भरायलाही लागला नव्हता.

माझ्याकडे आता दोन्ही आहे: नेहमीचे रंग बॉबिनवर, चालू काम पाऊचमध्ये. एकच घ्यायचं असेल आणि गुंडाळायचा कंटाळा असेल, तर पाऊच घ्या. अर्धवट गुंडाळलेल्या डब्याला कुणी हात लावत नाही.