राणीच्या बागेत अख्खी सकाळ

मागच्या महिन्यात मुलांना एका मॉलमधल्या प्ले झोनमध्ये नेलं होतं. तासावर पैसे, कानठळ्या बसवणारी गाणी आणि वेळ संपली की रडणाऱ्या पोरीला ओढत बाहेर आणायचं. घरी आले तेव्हा डोकं ठणकत होतं. म्हणून फेब्रुवारीतल्या एका शनिवारी हट्टाने सगळ्यांना भायखळ्याला राणीच्या बागेत नेलं. स्टेशनच्या पूर्वेकडून चालतच गेलो. आम्ही दोघं आणि दोन मुलं मिळून तिकीट १०० रुपये.

गेट उघडताच आत शिरलो, त्यामुळे पेंग्विनपाशी गर्दी नव्हती. हम्बोल्ट जातीचे हे पेंग्विन २०१६ साली इथे आणले. ही जात मूळची पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरची. पेंग्विन म्हणजे बर्फ अशी आमच्या आठ वर्षांच्या लेकाची पक्की समजूत; हे खडकावर उभे बघून त्याने प्रश्नांची सरबत्तीच लावली. धाकटीने काचेला तळहात टेकवला, तर एक पेंग्विन पाण्यातून सूर मारत थेट तिच्या हातापाशी आला, मान तिरकी करून बघितलं आणि छातीवरचा काळा पट्टा दाखवत वळला. मग तिने हात काढेचना.

माझा जीव मात्र तिथल्या झाडांवर. ही १८६२ सालची बाग, आणि इतकी जुनी, मोठी झाडं मुंबईत एका जागी फार थोड्या ठिकाणी उरलीत. गोरखचिंचेच्या जाडजूड बुंध्याला दोन्ही मुलं हात लांब करून बिलगली. उर्वशीच्या झाडाला लाल फुलांचे घोस लोंबत होते, एकेक पाकळीवर पिवळा ठिपका. मुलं बाबांबरोबर पाणघोडे बघायला गेली आणि मी सावलीतल्या बाकावर बसले. अर्धा तास नुसती बसले. फोन पर्समध्येच. ऑफिस, डबे, गृहपाठ यांच्या धबडग्यात असं कधी बसले होते, आठवेना. घरातल्या आईलाही या बागेत तिची सुट्टी मिळते, म्हणून माझ्याकडून पाचपैकी पाच.

भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती चुकवू नका. तो घारापुरीचा. इंग्रज विलायतेला न्यायला निघाले तेव्हा फुटला, मग तुकडे जोडून उभा केला. हे ऐकल्यावर लेकाने सांधे शोधत त्याच्याभोवती तीन चकरा मारल्या.

बुधवारी बाग बंद असते. रविवारी दुपारी जाऊ नका, गर्दीत काही दिसत नाही. चालणं बरंच आहे, तेव्हा तान्हं बाळ असेल तर ढकलगाडी न्या. आम्ही दीडच्या लोकलने परतलो. धाकटी माझ्या मांडीवर झोपली होती, मुठीत उर्वशीची गळून पडलेली एक पाकळी.